शिक्षक शाळा का सोडतात? : झिंबाब्वेचा धडा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



शिक्षकाने सरकारी शाळा सोडली, की त्याची संभावना दोन प्रकारांनी होते. कोणी म्हणतो, त्याला पैशाचा मोह पडला. कोणी म्हणतो, पूर्वीची ध्येयनिष्ठा आता उरली नाही. दोन्ही उत्तरे सत्ताधाऱ्यांच्या सोयीची आहेत, कारण दोहोंतही दोष शिक्षकाच्या पदरात पडतो आणि शासन नामानिराळे राहते. ही उत्तरे कितपत खरी आहेत हे तपासायचे, तर झिंबाब्वेचे उदाहरण घ्यावे. शिक्षणप्रसाराबद्दल ज्या देशाचे एके काळी साऱ्या आफ्रिकेत कौतुक झाले, त्याच देशातून पुढे हजारो शिक्षक बाहेर पडले. आणि हे घडले ते समाजवादाची भाषा बोलणाऱ्या पक्षाच्या राजवटीत. म्हणूनच समाजवादी कार्यकर्त्यांनी हा इतिहास बारकाईने पाहावयास हवा.

१८ एप्रिल १९८० रोजी झिंबाब्वे स्वतंत्र झाला. गोऱ्या अल्पसंख्याकांच्या ऱ्होडेशियात कृष्णवर्णीय मुलाला प्राथमिक शाळा कशीबशी मिळे. माध्यमिक शाळेचे दार बहुतेकांना बंदच असे. मुक्तियुद्धाच्या काळात ग्रामीण भागातील कित्येक शाळा ओस पडल्या होत्या. नव्या सरकारने प्राथमिक शिक्षण निःशुल्क केले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर प्राथमिक शाळांत सुमारे ८ लाख मुले होती. १९८५ च्या सुमारास ती संख्या २० लाखांपलीकडे गेली. माध्यमिक शाळा दोनशेही नव्हत्या, त्या दशकअखेरीस दीड हजारांच्या घरात पोहोचल्या. इतके शिक्षक आणायचे कोठून? १९८१ मध्ये ‘झिंटेक’ नावाचा अभ्यासक्रम सुरू झाला. होतकरू शिक्षकाने थोडा काळ महाविद्यालयात घालवावा आणि उरलेला मोठा काळ शाळेत प्रत्यक्ष शिकवीत पत्रद्वारा आपले शिक्षण पुरे करावे, अशी ती योजना होती. ठिकठिकाणी पालकांनी श्रमदानाने वर्ग उभे केले. पंतप्रधान रॉबर्ट मुगाबे हे स्वतः एके काळचे शिक्षक. घानातील अध्यापक विद्यालयात त्यांनी शिकविले होते. त्या काळी शिक्षकाला गावात मान होता आणि पगारात त्याचा संसार चालत होता. या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत होत्या, हे ध्यानात ठेवावे.

उतरण लागली ती १९९१ नंतर. जागतिक बँक आणि नाणेनिधी यांच्या पाठबळाने ‘संरचनात्मक समायोजना’चा कार्यक्रम आला. शासकीय खर्चाला कात्री लागली, १९९२ मध्ये शहरी प्राथमिक शाळांत फी परत आली आणि वाढत्या किमतींच्या मागे शिक्षकांचे पगार रखडत राहिले. येथवरचा दोष परकीय सावकारांच्या माथी मारणे रास्तच आहे. परंतु तेथेच थांबणे म्हणजे अर्धसत्यावर समाधान मानणे होय.

पुढच्या दशकात सरकारने स्वतःच नोटा छापून खर्च भागविण्याचा मार्ग धरला. जुलै २००८ मध्ये महागाईचा अधिकृत वार्षिक दर २३ कोटी टक्क्यांवर गेला. जानेवारी २००९ मध्ये शंभर लाख कोटी डॉलरची एकच नोट काढण्यात आली. अशा चलनात पगार घेणाऱ्या शिक्षकाची अवस्था काय झाली असेल? पगार काढण्यासाठी तालुक्याच्या गावी जायचे, बँकेच्या दारात तासन्‌तास रांगेत उभे राहायचे, आणि हाती येणाऱ्या पैशांत परतीचे बसभाडेही सुटायचे नाही! कागदोपत्री तो नोकरीत होता. वस्तुतः त्याच्याकडून वेठबिगार करून घेतली जात होती.

त्यात राजकारणाची भर पडली. २९ मार्च २००८ च्या निवडणुकीत मुगाबे मागे पडले आणि २७ जूनला फेरमतदान ठरले. मधल्या तीन महिन्यांत ग्रामीण भागात दहशतीचे सत्र चालले. मतदान केंद्रांवर काम केलेले शिक्षक विरोधी पक्षाचे हस्तक ठरविले गेले. त्यांना मारहाण झाली, घरांतून हुसकावले गेले; कित्येक शाळांच्या आवारात सत्ताधारी पक्षाच्या तरुणांनी तळ ठोकले. ज्या गावात शिक्षक हा लिहिता-वाचता, विचारता माणूस म्हणून मान पावत होता, त्याच गावात तो त्याच कारणासाठी संशयित झाला. २००९ च्या आरंभी ग्रामीण भागातील बहुसंख्य शाळा बंद होत्या. आदल्या वर्षी शाळांत शिकवणे असे जवळपास झालेच नव्हते.

शिक्षक गेले कोठे? बोट्स्वाना, नामिबिया, ब्रिटन आणि मुख्यतः दक्षिण आफ्रिका. त्याच दक्षिण आफ्रिकेत मे २००८ मध्ये परकीयांविरुद्ध दंगली उसळल्या आणि साठांहून अधिक माणसे मारली गेली. तरीही लोक सीमा ओलांडतच राहिले. तेथे कोणाला शाळेत जागा मिळाली, तर कोणी शेतांवर राबले, कोणी पहारेकरी झाले, कोणी परक्या घरची धुणीभांडी केली. प्रशिक्षित शिक्षक दंगलीच्या तोंडी जाऊन झाडू हाती घेतो, तेव्हा त्याला मोहाने ओढले असे म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. तो ओढला गेला नाही, ढकलला गेला.

२००९ मध्ये संयुक्त सरकार आले आणि परकीय चलन स्वीकारण्यात आले. शिक्षकाला महिना १०० अमेरिकन डॉलर भत्ता मिळू लागला, सोडून गेलेल्यांना परत घेण्याचे धोरण जाहीर झाले, आणि बरेच जण खरोखरच परतले. अवघ्या शंभर डॉलरांवर परतले! त्यांची शिकवण्याची इच्छा मेली नव्हती, याला याहून मोठा पुरावा कोणता हवा?

मात्र तुटपुंज्या भत्त्याला जोड म्हणून पालकांनी शिक्षकांना वरकड रक्कम द्यावी, अशी मुभा तेव्हा देण्यात आली. उपाय तात्पुरता म्हणून आला आणि २०१४ मध्ये तो थांबविण्यात येईपर्यंत आपले काम करून गेला. शहरातील पालक पैसे देऊ शकत. कोरडवाहू खेड्यातील पालकाकडे फार तर कोंबडी किंवा मक्याचे पोते असे. साहजिकच चांगला शिक्षक शहराकडे सरकला. शिक्षकाचे वेतन पालकाच्या ऐपतीवर टांगले, की सर्वांत गरीब शाळा सर्वांत आधी रिकामी होते. शाळेच्या पाटीवर ‘सरकारी’ हा शब्द तसाच राहतो. समता मात्र निघून जाते.

आणि धडा शिकला गेला नाहीच. २०१८ मध्ये शिक्षकाचा पगार महिना ५०० डॉलरांच्या आसपास होता. २०१९ मध्ये स्वदेशी चलन परत आणल्यावर त्याचे मोल घसरत गेले आणि २०२० च्या मध्यास ते पन्नास डॉलरांच्याही खाली आले. शिक्षक संघटनांची मागणी एवढीच होती, की जुन्या पगाराचे मोल परत द्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये शिक्षक कामावर आले नाहीत, तेव्हा सरकारने तीन महिन्यांच्या बिनपगारी निलंबनाचे हत्यार उपसले. दुसरीकडे, फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंडने परदेशी शिक्षकांच्या मान्यतेचा मार्ग आणखी काही देशांना खुला केला. त्यांत झिंबाब्वे आहे, आणि भारतही आहे. गरीब देशाने आपल्या पैशाने शिक्षक घडवावा आणि श्रीमंत देशाने तो तयार उचलावा, हा व्यवहार शोषणाचाच आहे. पण तो निषेधाच्या ठरावांनी थांबणार नाही. शिक्षकाचे पाय गावात रोवले जातील असे काही गावात असल्याखेरीज तो थांबत नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी तीन मागण्या धरून ठेवाव्यात. पहिली : शिक्षकाचे वेतन पूर्णतः सरकारी तिजोरीतून, महागाईच्या प्रमाणात आणि वेळेवर मिळावे. दुसरी : दुर्गम खेड्यात जाणाऱ्याला राहते घर, विशेष भत्ता आणि राजकीय दडपणापासून संरक्षण असावे. तिसरी मागणी आपल्याच लोकांना सर्वांत जड वाटणारी आहे : सरकार आपल्या पक्षाचे असले, तरी शिक्षक संघटनेचा संपाचा हक्क अबाधित राहावा. झिंबाब्वेत संघटनांचे म्हणणे वेळीच ऐकले गेले असते, तर इतके वर्ग ओस पडले नसते. मुक्तिलढ्याची पुण्याई सांगणाऱ्या पक्षाला शिक्षकाचा पगारवाढीचा अर्ज देशद्रोह वाटू लागला, आणि ज्या गरीब मुलाच्या नावाने तो लढा झाला होता, त्याच्याच वर्गातले शिक्षक नाहीसे झाले. पैसेवाल्याच्या मुलाला खासगी शाळा मिळाली. खेड्यातल्या मुलीला ती मिळाली नाही, आणि तिच्या हुकलेल्या वर्षांची भरपाई कोणत्याही सरकारने केलेली नाही.