दात सरळ करण्याचा सौदा

मी दंतवैद्य नाही. जळगावच्या एका शाळेत आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेला मी एक सामान्य शिक्षक. माझे स्वतःचे शिक्षणही मॅट्रिकच्या पलीकडे गेलेले नाही. तेव्हा दातांसारख्या विषयावर बोलण्याचा तुमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारल्यास ते योग्यच होईल. माझे उत्तर इतकेच की, गेली दोन वर्षे या विषयाने आमच्या घरी ठाण मांडले आहे, आणि त्या अवधीत मी एक मोठी चूक करता करता थोडक्यात बचावलो. ती चूक आपल्यापैकी पुष्कळांच्या हातून होण्यासारखी आहे, म्हणून ती आज आपणांस सांगणार आहे.

माझी नात त्या वेळी सतरा वर्षांची होती. हसताना तोंडावर हात धरण्याची तिला सवय. आमच्या लहानपणी याला विनय म्हणत, त्यामुळे घरात कोणासही त्यात वावगे दिसले नाही. पुढे एकदा तिच्या कॉलेजातील समारंभाचे छायाचित्र घरी आले. सर्व मुली मोकळेपणाने हसत आहेत आणि आमची नात तेवढी ओठ घट्ट मिटून उभी आहे. मी कारण विचारले, तेव्हा ती खाली पाहून म्हणाली, "आजोबा, माझे पुढचे दात एकावर एक चढले आहेत. मला हसायची लाज वाटते." सतरा वर्षे ज्या मुलीला मी अंगाखांद्यावर खेळविले, तिचे हे दुःख माझ्या ध्यानीही आले नव्हते, याची मला खंत वाटली. दात सरळ करून घ्यावयाचे, असे त्याच दिवशी ठरले.

परंतु तारा लावून घेण्यास ती तयार नव्हती. तिला हवे होते ते पारदर्शक अलाइनर. ज्यांनी हे पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दातांवर टोपणासारखे बसणारे, काचेसारखे स्वच्छ दिसणारे, पातळ प्लास्टिकचे हे कवच असते. ही कल्पना अगदीच नवी नाही. तारा काढल्यानंतर दातांत राहिलेले किरकोळ दोष घालविण्यासाठी १९४५ साली केसलिंग नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने रबराचे एक साधन पुढे आणले होते. पुढे १९९७ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीने संगणकाच्या साह्याने अशा कवचांची संपूर्ण मालिकाच तयार करण्याची पद्धत काढली. आज दातांचे चित्र संगणकावर घेतात, दात टप्प्याटप्प्याने कसा सरकवावयाचा ते ठरवितात, प्रत्येक टप्प्याचा साचा यंत्रावर छापतात आणि त्यावर तापविलेले प्लास्टिक दाबून कवच काढतात.

यातील हिशेब मोठा मनोरंजक आहे. एक कवच दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकविते. म्हणजे तीन मिलिमीटरसाठी बारा कवचे लागतील, आणि प्रत्येक कवच दोन आठवडे वापरल्यास चोवीस आठवडे जातील. हे त्रैराशिक मी नातीसमोर मांडले तेव्हा तिला फार आनंद झाला. मात्र हे कवच दिवसातून वीस ते बावीस तास तोंडात असावे लागते. जेवताना ते काढावयाचे, आणि पाण्याखेरीज काहीही पिताना काढावयाचे. गरम चहाने प्लास्टिकचा आकार बिघडतो आणि गोड चहा कवचाखाली साचून दात किडतात. आपल्या घरी सकाळचा चहा, न्याहारी, दोन जेवणे, दुपारचा चहा आणि पाहुणा आला म्हणजे पुन्हा चहा! या सर्वांस मिळून दिवसातले दोन-चार तासच उरतात, हे कित्येकांच्या ध्यानात पैसे भरल्यानंतर येते.

आता पैशांची गोष्ट. चौकशी करता, अलाइनरचा खर्च तारांहून बराच अधिक, असे आढळले. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराला तो पेलण्यासारखा नव्हता. इतक्यात एका कंपनीची जाहिरात पाहण्यात आली. दवाखान्यात जाण्याचे कारण नाही. कंपनी घरी मऊ लगदा पाठविणार, त्यावर दात दाबून ठसा घ्यावयाचा आणि परत धाडावयाचा. किंमत जवळजवळ निम्मी. आम्ही तसे केले. आठ दिवसांत संगणकावरील चित्र आले. त्यात नातीचे दात मोत्यांच्या सरासारखे सरळ दिसत होते. मी हिशेबाने वागणारा मनुष्य. पण ते चित्र पाहून माझाही तोल गेला आणि मी पाच हजार रुपये विसार भरून टाकला.

पुढच्याच आठवड्यात एका कार्यानिमित्त आम्हास धुळ्यास जावे लागले. तेथे आमचे व्याही राहतात. त्यांचा कापसाचा व्यापार आहे. मी मोठ्या उत्साहाने त्यांना ते चित्र दाखविले. त्यांनी ते शांतपणे पाहिले आणि विचारले, "गुरुजी, विसार दिलात हे ठीक; पण पोरीचे दात पाहिले कोणी?" मी म्हणालो, "ठसा पाठविला आहे ना!" त्यावर ते म्हणाले, "कापसाची गासडी बाहेरून पांढरीशुभ्रच असते. आम्ही मधला कापूस काढून पाहिल्याशिवाय भाव बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच आग्रहावरून आम्ही नातीला धुळ्यातील एका ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे दात सरळ करणाऱ्या विशेषज्ञांकडे, नेले. त्यांनी प्रथम हिरड्या तपासल्या आणि मग जबड्याचे क्ष-किरण चित्र काढले. ते चित्र पाहून आम्ही थक्क झालो. नातीचा उजवीकडचा वरचा सुळा अद्याप दुधाचाच होता; त्याच्या जागी यावयाचा कायमचा सुळा टाळूच्या हाडात आडवा होऊन, शेजारच्या दाताच्या मुळाला जवळजवळ टेकून बसला होता. बाहेरून घेतलेल्या ठशात तो दिसणार कसा? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, हे न पाहता पुढचे दात ढकलले असते, तर मूळ त्या सुळ्यावर जाऊन झिजले असते. कदाचित चांगला दात गमवावा लागला असता."

श्रोतेहो, दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक नाजूक पडदा असतो. दातावर हलका पण सतत दाब आला म्हणजे पुढील बाजूचे हाड झिजते आणि मागील बाजूस नवे हाड भरून येते. अशा रीतीने दात सरकतो. म्हणजे अलाइनर असो वा तार असो, आपण प्लास्टिक किंवा धातू विकत घेत नसून आपल्या जिवंत हाडावर एक क्रिया करून घेत असतो. हिरड्यांचा विकार असताना दात सरकविल्यास ते अधिक सैल होतात. दाब चुकला तर मुळे आखूड होतात. कित्येकदा पुढचे दात सरळ होतात, पण मागच्या दाढा एकमेकींवर टेकेनाशा होतात. मग आरशात रूप साजरे आणि भाकरी चावताना पंचाईत, अशी स्थिती होते. शिवाय गोलसर दात फिरविणे, दात खाली ओढून आणणे यांसारखी कामे एकट्या कवचाला जड जातात. हे सर्व वेळोवेळी पाहणारा डोळा ज्या किमतीतून वगळला आहे, ती किंमत स्वस्त नव्हे, अपुरी आहे.

परदेशातील एक उदाहरण या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखे आहे. टपालाने कवचे पाठविणाऱ्या स्माइलडायरेक्टक्लब या अमेरिकन कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये आपले काम बंद केले. ज्यांचे दात अर्धेच सरकले होते, त्यांना पुढील उपचारासाठी आपापल्या दंतवैद्याकडे जाण्यास सांगण्यात आले. आणि हप्त्याने पैसे भरणाऱ्यांनी हप्ते भरीत राहावे, अशीही अपेक्षा कळविण्यात आली.

मग अल्प उत्पन्नाच्या माणसाने वाकडे दात तसेच ठेवावेत काय? मुळीच नाही. काटकसरीचे योग्य मार्ग आहेत. पहिला मार्ग दंत महाविद्यालयांचा. खानदेशात धुळ्यास आणि शेजारी नाशिकला दंत महाविद्यालये आहेत. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. अशा ठिकाणी पदव्युत्तर विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे खर्च सामान्यतः कमी येतो. वेळ मात्र अधिक लागतो, खेपा पडतात, आणि विद्यार्थ्याची तीन वर्षे संपली म्हणजे उपचार दुसऱ्याच्या हाती जातो. ही तयारी ठेवावी. दुसरा मार्ग साध्या धातूच्या तारांचा. त्या दिसतात, हा त्यांचा दोष. पण अवघड दातांच्या बाबतीत त्या समर्थ असतात. तिसरा मार्ग असा की, दोष किरकोळ असेल तर मोजक्याच कवचांत काम भागते काय, हे विशेषज्ञांस स्पष्ट विचारावे. मात्र फट बुजविण्यासाठी घरच्या घरी दातांभोवती रबर गुंडाळण्याचा मार्ग कोणीही पत्करू नये. ते रबर हिरडीखाली सरकून मुळाकडे जाते आणि चांगला दात गमावण्याची वेळ येते.

पैसे देण्यापूर्वी काही प्रश्न अवश्य विचारावेत. माझे दात प्रत्यक्ष कोण तपासणार, आणि त्यांची राज्य दंत परिषदेकडे नोंदणी आहे काय? आपल्या देशात दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा १९४८ साली झाला आणि २०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संमत केला. तेव्हा हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. क्ष-किरण चित्र काढणार काय? कीड व हिरड्या यांचा उपचार आधी होणार काय? मधली जादा कवचे, हरवलेले कवच आणि शेवटी लावावयाचे रिटेनर यांसह एकूण आकडा किती? रिटेनर न वापरल्यास दात हळूहळू पूर्वस्थानी परतू लागतात, हे विसरू नये. आणि शेवटचा प्रश्न: काही बिघडले, तर मी कोणाच्या दारी यावयाचे? ज्या सौद्यात या प्रश्नाला पत्ता मिळत नाही, तो सौदा करू नये.

आमच्या नातीला हवे होते ते पारदर्शक कवच मिळाले नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. दुधाचा सुळा काढून, लहानशी शस्त्रक्रिया करून आतला सुळा उघडा केला आणि तारेने तो सावकाश खाली ओढणे चालू आहे. चौदा महिने झाले. जळगावहून एरंडोल, पारोळ्यामार्गे धुळ्याच्या खेपा चालू आहेत. पहिल्या दिवशी तारा पाहून ती रडली. "आजोबा, आता तर मी मुळीच हसणार नाही," असे म्हणाली. माझ्याजवळ उत्तर नव्हते. परंतु गेल्या महिन्यात क्ष-किरण चित्रात सुळा ठरल्या जागी येत असलेला दिसला. घरी येताना तिने ते चित्र मोटारीत सर्वांना दाखविले, आणि दाखविताना ती तारांसकट हसत होती. तोंडावर हात धरण्याचे तिला स्मरण राहिले नव्हते.

कंपनीने विसार परत केला नाही. पाच हजार रुपये ही रक्कम माझ्यासारख्यास लहान नव्हे. पण आयुष्यभर दुसऱ्यांना शिकविण्याची फी घेतली, एकदा स्वतः शिकण्याची भरली, असे मी समजतो. आपणांस ती भरावी लागू नये, एवढ्याचसाठी हे भाषण.