अर्ज एकेकट्याचा
(चिंचपाडा येथे टपालातल्या कामगारांपुढे केलेले भाषण)



मी गोदीत ओझी उचलतो, कविता लिहितो, मॅट्रिक आहे. वकील नाही. पण इथं पाड्यापाड्यानं टपाल वाटणारी पोरं बसलीयत. ती जगाची पत्रं पोचवतात. त्यांच्यावर हुकूम आला तर त्यांचं पत्र कुठं पोचायचं, हे आज बोलायचंय.

गोदीत ओझं टोळीनं उचलतात. सरकार म्हणतं, गाऱ्हाणं एकेकट्यानं उचला. १९६५ चे केंद्रीय नागरी सेवा नियम आहेत, शिक्षा आणि अपिलाचे. खात्यातल्या कायम नोकराला ते लागू. त्यातला २६ वा नियम सांगतो : अपील प्रत्येकानं वेगळं, स्वतःच्या नावानं करायचं. वरच्या साहेबाला द्यायचं, आणि हुकूम काढणाऱ्यालाही प्रत द्यायची. भाषा बेअदबीची नको. मुदत ४५ दिवस, हुकमाची प्रत हातात पडल्यापासून.

१९१० साली शिवराम जानबा कांबळे आणि त्यांच्या सोबत्यांनी दख्खनच्या महारांच्या परिषदेचा अर्ज थेट भारतमंत्र्याकडे धाडला. लष्करात, पोलिसात नोकरी मागितली. तो एकट्याचा अर्ज नव्हता, जमातीचा होता. मग आज एकेकटं का? कारण एकटा माणूस घाबरवता येतो.

म्हणून अपील एकट्याचं करा, पण बसा एकत्र. दहा जणांवर अन्याय झाला तर दहा अपिलं लिहा. एकमेकांचं वाचून बघायला कुठल्या नियमाची बंदी आहे?

मी कवितेत शिवी देतो. तुम्ही अपिलात देऊ नका. शिवी दिली की साहेब खूश. मुद्दा बाजूला पडतो न् शिवीचीच चौकशी लागते. पण आदब म्हणजे लाचारी नव्हे. ‘मायबाप, कृपा करा’ लिहू नका. २७ वा नियम सांगतो, अपील बघणाऱ्यानं तीन गोष्टी तपासायच्या : चौकशी रीतीनं झाली का, पुराव्यावरून ठपका निघतो का, शिक्षा वाजवी आहे का. तुमचा राग या तीन प्रश्नांत घाला. तारखा घाला, हुकमाचा नंबर घाला.

ग्रामीण डाक सेवकांचे नियम वेगळे आहेत. अपिलाची मुदत त्यातच बघा. कुणी म्हणालं, तुम्ही सरकारी नोकरच कुठले, तर १९७७ चा राजम्मा खटला सांगा. सुप्रीम कोर्टानं तेव्हाच्या एक्स्ट्रा डिपार्टमेंटल एजंटाचं पद नागरी पद ठरवलं. त्याच कामाला आज ग्रामीण डाक सेवक म्हणतात.

कुणी म्हणालं, इंग्रजीत लिहून आणा, तर संविधानाचं ३५० वं कलम दाखवा. गाऱ्हाणं देशात किंवा राज्यात वापरातल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. मराठीत लिहा. आणि मावची इथं वापरात नाही, असं कोण म्हणेल?

अर्ज दिला की पोच घ्या : शिक्का, सही, तारीख. सहा महिन्यांत निकाल नाही आला तर १९८५ च्या कायद्यानं केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. मुंबईत त्याचं खंडपीठ बसतं. पुढच्या एका वर्षाच्या आत तिथं जायचं. पहिला सवाल येईल, खात्यात अपील केलंत का? तेव्हा पोचच कामाला येते.

आणि एक ऐका. त्या न्यायाधिकरणात गाऱ्हाणं एकच असेल, तर परवानगी घेऊन अनेकांना मिळून एक अर्ज करता येतो. म्हणजे शेवटी टोळी चालते. तिथवर प्रत्येकानं आपापला कागद जपून न्यायचा.

जय भीम.