सुरक्षेची हमाली



अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक आणि राष्ट्राची सुरक्षा, असा भारी विषय मला दिलाय. मी गोदीत माल चढवतो-उतरवतो, कविता करतो, शिक्षण मॅट्रिक. व्हाइट हाऊस फोटोतच पाहिलंय. तरी बोलणार आहे, कारण या भांडणात एकदा माझ्या धंद्याचा विषय निघाला आणि दोन्ही पक्षांचं पितळ मला तिथंच दिसलं.

३० सप्टेंबर २००४. मायामीजवळ बुश आणि केरी समोरासमोर. केरी म्हणाला, आपल्या बंदरांत येणारे शंभरातले ९५ कंटेनर कुणी तपासतच नाही. बुशचं उत्तर काय? एवढी आश्वासनं देताय, पैसे कुठनं आणणार? वा रे हिशेबनीस! इराकवर बॉम्ब टाकताना ही वही कुठं होती? आणि त्या युद्धाच्या ठरावाला २००२ साली केरीनंही हात वर केला होता, हे विसरू नका.

केरीच्या त्या वाक्यात बंदर होतं, कंटेनर होता. कंटेनर उतरवणारा माणूस नव्हता. आम्हाला आत काय आहे ते कुणी सांगत नाही. सील बघायचं, नंबर बघायचा, पुढं ढकलायचं. आत काही फुटायचं असेल तर पहिला उडणार तो क्रेनखाली उभा असलेला. मतदारानं घाबरायचं त्या डब्याला, त्याखालच्या माणसासाठी नाही.

घाबरवण्यात बुशवाले उस्ताद. त्यांनी टीव्हीवर जाहिरात काढली, जंगलात लांडग्यांचा कळप टपून बसलेला. म्हणजे केरीला मत दिलंत तर लांडगे तुमच्या दारात. ७ सप्टेंबरला उपाध्यक्ष चेनी आयोवात उघड बोलला, चुकीची निवड केलीत तर आपल्यावर पुन्हा हल्ला होण्याचा धोका आहे. ज्या हत्यारांच्या नावानं इराकमध्ये घुसले त्यांचे साठे नव्हतेच, असा त्यांच्याच तपासणी पथकाचा अहवाल ऑक्टोबरात आला. नोव्हेंबरात बुश निवडून आला. आणि केरी? तो अधिवेशनात सलाम ठोकून म्हणाला, ड्यूटीवर हजर आहे! भीती कोण जास्त चांगली विकतो, एवढाच मतभेद. तुम्ही म्हणाल, दोघांना एका मापानं मोजतोस. नाही. लांडगे सोडणारा जास्त हरामखोर होता. पण दुसऱ्यानं दुकान बंद करा म्हटलं नाही, मलाही गाळा द्या म्हटलं.

मॅक्स क्लेलँडची गोष्ट ऐका. व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय गेले, एक हात गेला. जॉर्जियाचा सिनेटर होता. २००२ साली नवं सुरक्षा खातं निघत होतं. त्यातल्या नोकरदारांचे युनियनचे हक्क राखा म्हणून त्याच्या पक्षाचं भांडण चाललेलं, त्यात तो उभा राहिला. विरोधकांनी जाहिरातीत त्याच्याबरोबर ओसामा आणि सद्दामचे फोटो दाखवले. पडला बिचारा. तीन अवयव देशाला दिलेला माणूस! कामगाराच्या बाजूचं एक मत दिलं आणि देशभक्ती संपली.

त्याच साली पश्चिम किनाऱ्यावर कराराची बोलणी चालू होती. बुशचा सुरक्षा सल्लागार टॉम रिज यानं गोदी कामगारांच्या पुढाऱ्याला फोन करून बजावलं, काम बंद पडलं तर राष्ट्राच्या सुरक्षेला धोका. बरं, बंद कुणी पाडलं? मालकांनी! टाळेबंदी केली, २९ बंदरं ठप्प. ऑक्टोबरात बुशनं १९४७ चा टाफ्ट-हार्टले कायदा काढला आणि कोर्टाकरवी गोदी चालू करवली. धोक्याचा फोन मात्र मजुराला गेला होता, दार लावणाऱ्याला नाही. पुढं बंदरात शिरायला सुरक्षेचं कार्ड आलं, ठराविक जुने गुन्हे नावावर असले की ते अडतं. अमेरिकेत पोलिसांच्या वहीत कुणाची नावं जास्त, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आपल्या पँथरनं १९७२ साली जिच्याकडनं नाव घेतलं ती ब्लॅक पँथर. तिला एफबीआयच्या हूवरनं १९६९ मध्ये देशाच्या अंतर्गत सुरक्षेला सर्वांत मोठा धोका ठरवलं. पँथर तेव्हा काळ्या पोरांना सकाळचा फुकट नाश्ता घालत होती.

आणखी मागं जातो. १९४४, अध्यक्षाच्या निवडणुकीचंच साल. कॅलिफोर्नियात पोर्ट शिकागोच्या धक्क्यावर जहाजात दारूगोळा भरणारे सगळे काळे, हुकूम देणारे सगळे गोरे. शिकवणूक नाही. उलट कुठली टोळी जास्त माल भरते यावर साहेबांच्या पैजा. १७ जुलैला सगळं उडालं. ३२० मेले, त्यातले २०२ काळे. (तीनच महिने आधी, १४ एप्रिलला, बाबासाहेबांच्या जन्मदिवशी, आपल्या मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन उडालं. एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा. गोदीत काम करणारा ही तारीख दोनदा पाळतो.)

वाचलेल्यांपैकी गोऱ्या साहेबांना रजा मिळाली. काळ्यांना तीन आठवड्यांत पुन्हा दारूगोळा भरा म्हणून हुकूम. २५८ जणांनी नाही म्हटलं. त्यातल्या ५० जणांवर बंडाचा खटला झाला. २४ ऑक्टोबरला सगळे दोषी. मतदान ७ नोव्हेंबरला, दोन आठवड्यांनी. रूझवेल्ट चौथ्यांदा निवडून आला. रूझवेल्ट पुरोगामी म्हणतात, बरं का.

त्या पन्नासांतल्या एकाला १९९९ मध्ये माफी मिळाली. माफी! त्यानं काय केलं होतं? बाकीच्यांसकट सगळे निर्दोष, हे नौदलानं जाहीर केलं १७ जुलै २०२४ ला. ८० वर्षांनी, आणि पुन्हा निवडणुकीच्याच सालात.

माझी आज रात्रपाळी आहे, अर्ध्या तासात निघायचंय. कुणाला काय विचारायचं असेल तर आत्ताच विचारा.

जय भीम.