तबकडीच्या वेष्टनावरचा चेहरा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गाणे ही कानांनी ऐकण्याची वस्तू. मग तिला चित्र कशाला हवे, असे कोणी विचारील. पण आपल्यापैकी पुष्कळजणींनी लाँग प्ले तबकडी आधी डोळ्यांनी पाहिली आणि मगच कानांनी ऐकली, हे खरे ना? ते चित्र तेथे कसे आले आणि त्यावर कोणाचा चेहरा असावा हे कोणी ठरविले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

१९०२ साली कलकत्त्यास फ्रेड गेसबर्ग या साहेबाने गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. तबकड्या तयार होत परदेशी. तेथल्या कारागिरांना गाणे कोणाचे हे समजावे, म्हणून गाणे संपताच बाई स्वतःचे नाव इंग्रजीतून सांगत. चेहरा दिसण्याची सोय नव्हती. ओळख आवाजातच द्यावी लागे.

पुढे मोठ्या रचना एका तबकडीत मावेनात. चारपाच तबकड्या पाकिटांत घालून त्यांची वही बांधीत. फोटोंच्या वहीसारखी दिसे, म्हणून तिला 'अल्बम' म्हणू लागले. पण वरचा पुठ्ठा असे तपकिरी नाहीतर करडा. अमेरिकेत कोलंबिया कंपनीत अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस नावाचा तरुण चित्रकार होता. १९४० साली, वयाच्या २३व्या वर्षी, त्याने हा पुठ्ठा बोलका केला. न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहाच्या पाटीवरील अक्षरे बदलून तेथे अल्बमचे नाव लावले आणि त्याचा फोटो वेष्टनावर छापला. चित्रे येताच खप वाढू लागला. १९४८ साली लाँग प्ले आली, तेव्हा जाड कागदाचे ओरखडे तिच्यावर उठत. छापील कागद चिकटविलेले पातळ पुठ्ठ्याचे वेष्टन त्यानेच काढले.

ब्लू नोट ही जाझ संगीताची कंपनी. तिचे फ्रान्सिस वुल्फ हिटलरच्या जर्मनीतून निसटून आलेले. गाणेबजावणे चालू असताना ते तेथेच उभे राहून फोटो काढीत. रीड माइल्स हा त्या फोटोंना कात्री लावी, त्यांवर एखादाच रंग चढवी, मोठी अक्षरे योजी. घामेजलेला, कामात गढलेला कलावंत लोकांना दिसला तो या दोघांमुळे.

पण सगळीकडे असे नव्हते. कृष्णवर्णीय कलावंतांचे गाणे विकावयाचे, पण चेहरा झाकावयाचा, अशी रीत अमेरिकेत होती. १९५७ साली माइल्स डेव्हिस या थोर वादकाची 'माइल्स अहेड' ही तबकडी निघाली. वाद्य वाजविणारा कृष्णवर्णीय. वेष्टनावर मात्र शिडाच्या होडीत बसलेली गोरी तरुणी! त्याने हरकत घेतली आणि पुढच्या आवृत्तीत त्याचा स्वतःचा फोटो आला. १९६१ साली त्याच्या आणखी एका तबकडीवर त्याच्या आग्रहाने त्याची पत्नी, नर्तकी फ्रान्सेस टेलर, झळकली. वेष्टन ही नुसती शोभा नव्हे, हे यावरून ध्यानात यावे. कष्ट कोणाचे आणि चेहरा कोणाचा, हा न्यायाचा प्रश्न आहे.

आज गाणे मोबाइलवर येते आणि चित्र नखाएवढे झाले आहे. म्हणून दोन विनंत्या करते. घरातील जुन्या तबकड्यांची वेष्टने रद्दीत घालू नका. मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचा. फोटो कोणी काढला, चित्र कोणी रेखाटले, साथ कोणी केली, हे पुष्कळदा तेथेच सापडते.

दुसरी विनंती घरचीच. आपल्या स्मरणिकेत पाहुण्यांच्या फोटोखाली सगळी नावे असतात. मागे उभ्या असलेल्या, पहाटेपासून राबलेल्या भगिनींसाठी मात्र 'आणि इतर' एवढेच छापतो. यंदापासून 'इतर' हा शब्द काढून टाकू या आणि प्रत्येकीचे नाव लिहू या. फोटो काढणारीचेसुद्धा!