तहानलेल्या वेलीची वाइन

1961 च्या मे महिन्याअखेर फ्रान्समधल्या बोर्दो परिसरात दंव गोठवणारी कडाक्याची थंडी पडली. वेलींचे कोवळे कोंब करपले. जे वाचलं, त्याला फुलोऱ्यात थंडीनं गाठलं आणि फुलगळ झाली. ऑगस्टमध्ये पावसानं ओढ दिली. पीक फारच कमी आलं, पण त्या थोडक्या द्राक्षांतून निघालेल्या लाल वाइनची गणना विसाव्या शतकातल्या सर्वोत्तम वाइनमध्ये होते.

हे कसं घडलं, ते नाशिककडच्या बागायतदाराला लवकर कळेल, कारण तो नेमकं उलटं करतो. खायच्या द्राक्षाचा मणी फुगावा म्हणून इथे घड जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात बुडवतात. लाल वाइनला मात्र लहान मणी हवा. काबर्ने सोव्हिन्याँचा रस जवळजवळ रंगहीनच असतो. रंग सालीत असतो आणि तुरटपणा देणारं टॅनिनही तिथे असतं. मणी जितका बारीक, तितकी रसाच्या मानानं साल जास्त.

मणी बारीक ठेवते ती पाण्याची टंचाई. बोर्दोतल्या जिरोंद खाडीच्या डाव्या काठावरच्या मेदोक भागात जमीन गोट्यांची आणि वाळूची आहे. पाऊस पडला की पाणी झरझर खाली उतरतं आणि मुळांना त्याच्या मागे खोलवर जावं लागतं. बोर्दो विद्यापीठातल्या जेरार सेगँ यांनी या जमिनींचा अभ्यास करून दाखवून दिलं, की थोर वाइनचं मर्म मातीतल्या एखाद्या खास खनिजात शोधण्यापेक्षा ती माती वेलीला पाणी कसं पुरवते यात शोधावं.

त्याच विद्यापीठातले द्नी द्युबुर्दिए यांनी लाल वाइनच्या थोर वर्षासाठी पाच अटी मांडल्या होत्या: फुलोरा लवकर आणि एकदम यावा, मणी धरताना पाण्याचा ताण बसावा, मण्यात पाणी उतरण्याआधी शेंडा वाढायचा थांबावा, द्राक्ष पूर्ण पिकावं, आणि तोडणीच्या दिवसांत हवा कोरडी राहावी. यांतली तिसरी अट सर्वांत मोलाची वाटते. शेंडा चालू राहिला तर वेलीची साखर पानांकडे वळते, घड मागे पडतो. 1961 पहिल्या अटीत सपशेल नापास होतं. पण फुलगळीनंच विरळणी करून टाकली आणि उरलेल्या घडांना वेलीची सगळी ताकद मिळाली.

नाशिकमध्ये वर्षातून दोनदा छाटणी होते, वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात आणि पाण्याचा ताण ठिबकच्या नळीवर ठरवता येतो. बोर्दोत मात्र सिंचनाला नियमानं एरवी मनाई आहे. तिथे वर्षाचं भवितव्य आभाळावर, म्हणूनच बाटलीवर छापलेल्या वर्षाला एवढी किंमत.

तोडणी कधी करायची हे नुसत्या साखरेवर ठरत नाही. लिटरमागे सुमारे 17 ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल होतं, हे गणित सोपं आहे. पण जाणता माणूस मणी तोंडात टाकतो, साल चावतो, बी दाताखाली फोडतो. बी हिरवी आणि कडवट असेल तर थांबायचं. तपकिरी होऊन कुरकुरीत लागली, की कामगार बागेत उतरतात.

मग देठ काढून द्राक्षं टाकीत जातात. आंबताना उठणारा वायू साली वर ढकलतो आणि रसावर चोथ्याचा जाड थर बसतो. तो सुकू देऊन चालत नाही. दिवसातून काही वेळा खालचा रस पंपानं ओढून त्यावर सोडतात, म्हणजे रंग आणि टॅनिन उतरत राहतं. तापमान 30 अंशांच्या आसपासच राखावं लागतं. फार चढलं तर यीस्ट दमतं. दोन-तीन आठवड्यांनी वाइन काढून घेतात. पुढे जिवाणू तिच्यातल्या मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात. हा टप्पा समजून घेऊन तळघरात काबूत आणण्याचं मोठं श्रेय बोर्दोतले वाइनतज्ज्ञ एमिल पेनो यांचं.

त्यानंतर 225 लिटरच्या ओकच्या पिपांत साधारण दीड वर्ष मुक्काम. दर काही महिन्यांनी गाळ मागे ठेवून वाइन दुसऱ्या पिपात घेतात आणि शेवटी अनेक ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक घालून ती निवळवतात.

सर्वांत कठीण काम असतं वगळण्याचं. बागेच्या प्रत्येक तुकड्याची वाइन वेगळी चाखून मुख्य मिश्रणात काय घ्यायचं ते ठरतं. मेदोकमधल्या शातो लातूर या वाइन-मळ्यानं 1966 च्या सालापासून ‘ले फोर द लातूर’ ही दुसरी वाइन सुरू केली. तरुण वेलींची आणि मुख्य वाइनच्या तोडीला न उतरणारी पिपं तिच्यात जातात आणि तेवढं जास्तीचं उत्पन्न मालक आपणहून सोडतो.