रात्री सुटणारे बैल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. संगणकातल्या चोरांवर बोलणार म्हटल्यावर आमच्याकडे सगळे हसलेच. पण आमच्या कांद्याच्या चाळीवर जे घडले ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

वैशाखात चाळ भरली आणि राखणीला म्हणून ह्यांनी कॅमेरा बसवला. आषाढापासून घरातले इंटरनेट रात्री रडतखडत चालू लागले. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, “मावशी, चोर धरायला लावलेला कॅमेराच चोरांना सामील झालाय!”

त्याने सांगितले ते माझ्या भाषेत सांगते. समजा, रोज रात्री कुणी तुमच्या गोठ्यातले बैल सोडतो, दुसऱ्याचे रान नांगरतो आणि पहाटे परत दावणीला बांधतो. बैल जागेवरच, फक्त थकलेले दिसतात. असे गावोगावचे हजारो बैल ज्याच्या हाती लागले, तो स्वतः कशाला नांगरील? तो जोड्या भाड्याने देतो. यंत्रांच्या अशा दावणीला बॉटनेट म्हणतात.

भाड्याने घेणारेही नाना परीचे. कुणी हजारो यंत्रे एकदम एखाद्या व्यापाऱ्याच्या संकेतस्थळावर सोडतो. खऱ्या गिऱ्हाइकाला आत शिरता येत नाही, आणि मग “पैसे टाका, थांबवतो” अशी खंडणी. कुणी लाखो फसव्या चिठ्ठ्या पाठवतो. कुणी जाहिरातींवर खोटी बोटे दाबून जाहिरात देणाऱ्याचे पैसे लाटतो. आणि माग काढला तर पत्ता निघतो तुमच्या घरचा!

२०१६ साली ‘मिराई’ नावाची अशी दावण निघाली. कारखान्यातून येतो तोच पासवर्ड ज्यांनी बदलला नव्हता, अशांचे कॅमेरे तिने धरले. यंत्रे लाखांवर गेली. २१ ऑक्टोबरला अमेरिकेतली बडी बडी संकेतस्थळे काही तास बंद पडली. मूळ करणारे कोण, तर तिघे तरुण. मुलांच्या एका खेळाच्या धंद्यातल्या चुरशीतून हे सुरू झालेले. २०१७ साली त्यांनी गुन्हा कबूल केला.

अमेरिका लांब राहिली, पुणे तर आपले. कॉसमॉस बँकेत ऑगस्ट २०१८ मध्ये असाच किडा शिरला. तिथे बैल भाड्याने देणे नव्हते, सरळ दरोडाच. पैसे द्यायचे की नाही हे ठरवणाऱ्या यंत्राच्या जागी तोतया बसला आणि बनावट कार्डांना होकार देत सुटला. २८ देशांतून पैसे निघाले. एकूण ९४ कोटी ४२ लाख गेले. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा केली. ते बहुतेक पैसे काढणारे हात. डोके कुठले, ते मात्र तिथे उभे नव्हते.

हल्ली मोबाईलवर लग्नपत्रिका म्हणून ‘एपीके’ येते ना, तीही ह्याच जातीची. जाऊबाईंच्या नावाने आली तरी उघडू नका. आधी त्यांना फोन करा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. यंत्र साफ करायची साधने सरकारचे सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून फुकट देते.

आमचा कॅमेरा त्या मुलाने बंद करून चालू केला. तेवढ्याने किडा जातो, पण पासवर्ड तोच ठेवला तर पुन्हा शिरतो. म्हणून पासवर्ड मी बदलला. ह्यांना तो आठवत नाही, आणि चाळ बघायची झाली की मलाच विचारावे लागते.