हे कशाचं चित्र?



आपल्या बॅचच्या चित्रकर्तीबद्दल मी बोलावं असं ठरलं. तिने परवानगी दिली, पण नाव घ्यायचं नाही या अटीवर. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. कृपया सगळ्यांनी एकदम मागे वळू नका.

तुम्हाला आठवत असेल, इंटरमिजिएटच्या तयारीत तिने पितळी तांब्या इतका हुबेहूब काढला होता की सरांनी तो वर्षभर फळ्याशेजारी लावून ठेवला. पुढे तिने मानसशास्त्रात एम.ए. केलं आणि सोळा वर्षं समुपदेशक म्हणून काम केलं. तिच्या त्या खोलीत मी एकदाच गेले. दोन खुर्च्या, टिश्यूचा डबा, आणि घड्याळ येणाऱ्याच्या पाठीमागे. वेळ तिला दिसावी, बोलणाऱ्याला दिसू नये म्हणून.

माझी आई गेली तेव्हा मी तिच्याकडे गेले आणि म्हटलं, "माझी केस तू घे." ती म्हणाली, "मैत्रिणीची केस घेत नाहीत गं. मी तुला दुसरं चांगलं नाव देते." मला ते फार लागलं. मी सॉफ्टवेअरवाली, प्रत्येक नियमाचं कारण विचारणारी. पण त्या दिवशी विचारलं नाही. नुसती उठून आले. दोन वर्षं आमचं बोलणं नव्हतं.

मग कळलं, तिने काम थांबवलं आणि ती चित्रं काढते. प्रदर्शनाचं निमंत्रण आलं, गेले. सगळीकडे राखाडी, मातकट रंगांचे थर, मध्येच एखादी रेघ. तांब्या कुठेच नाही! न राहवून विचारलं, "हे कशाचं चित्र?" (सर, तुम्ही हसताय, पण तुम्हीही हेच विचारलं असतंत.) ती म्हणाली, "माणूस काढला तर कुणीतरी ओळखेल. लोकांनी मला जे सांगितलं, ते मी कुणाला सांगू शकत नाही. आणि ते गेलेलंही नाही." त्या दिवशी मला कळलं, मी तिच्याकडे आणखी काय ठेवायला निघाले होते.

तिचे गुरू कोण, असं मी नंतर विचारलं. पहिलं नाव वासुदेव गायतोंडे. नागपूरला १९२४चा जन्म, १९४८ला जे.जे.मधून पदविका. रोलर आणि पॅलेट नाइफने ते रंग चढवत, खरवडत, आणि थांबत. वर्षाला चित्रं मोजकीच. 'अमूर्त' हा शब्दही त्यांना मान्य नव्हता. हिला त्यांचं थांबणं ओळखीचं वाटलं. समोरचा गप्प झाला की आपण लगेच बोलायचं नाही, हे ती खुर्चीत बसून शिकली होती.

बाकीची दोन नावं आपल्या अलिबाग तालुक्याशी जोडलेली, आणि आपल्याला शाळेत पत्ताच नव्हता. प्रभाकर बरवे नागावचे. त्यांचं 'कोरा कॅनव्हास' तिच्या टेबलावर सुटं होईपर्यंत वाचलेलं आहे. आणि नसरीन मोहमदी, ज्या १९९० साली किहीमला वारल्या. आपण किहीमला सहलीला जाऊन भेळ खाल्ली, त्याच किनाऱ्यावर. मज्जासंस्थेच्या आजाराने शरीर साथ देत नव्हतं, तरी शाई-पेन्सिलीच्या त्यांच्या रेषा नेमक्या राहिल्या. बहुतेक चित्रांना नाव नाही, तारीखही नाही. हीसुद्धा आपल्या चित्रांना नावं देत नाही. मला आधी ते नखरे वाटले होते.

खरं सांगायचं तर तिची सगळी चित्रं मला अजून कळत नाहीत. एक घरी लावलं आहे, आईच्या फोटोच्या समोरच्या भिंतीवर. त्याचे पैसे तिने पूर्ण घेतले, मैत्रिणीला सूट नाही म्हणाली.

शाळेच्या चित्रकलेच्या खोलीसाठी ती आज एक चित्र देते आहे. चहापानानंतर सरांच्या हस्ते ते लावायचं आहे. सर, खिळा तांब्याच्या जुन्या जागीच ठोकला आहे. वरची बाजू कोणती, ते मात्र आधी तिला विचारून घ्या.